सुनेला रडवणारा बटाटा

चिरिपाता,
२७ जून १९९६

चि. सौ. निल्दा हिस,
सासू बासिलियाचे अ. उ. आ.

इकडे सर्व ठीक. नाताळ नसताना माझं पत्र आलं म्हणून छाती धडधडून घेऊ नकोस. कुणी मेलेलं नाही, मीही नाही. पत्र नेहमीप्रमाणे मास्तर फर्मिन लिहीत आहेत. मी बोलते, ते लिहितात आणि मधेमधे मला थांबवून नीट वाक्यात बोलायला सांगतात. शाळेतून निवृत्त झाले तरी खोड गेलेली नाही.

यंदा सान हुआनच्या सणाला थंडी अशी पडली की सकाळी लामांच्या पाठी पांढऱ्या झाल्या होत्या. बटाटे गोठवून वाळवायच्या चुन्योला याहून चांगली थंडी मागून मिळायची नाही. माळावर बटाटे पसरले, गोठले, आणि सकाळी सगळं गाव अनवाणी पायांनी तुडवून त्यांचं पाणी काढत होतं. शेजारची लेओकादिया तुडवत नव्हती, नाचत होती. कुणासाठी, ते गावाला माहीत आहे. मास्तर म्हणतात की हे पत्रात घालायची काही गरज नाही. घाला म्हटलं. त्यांचे कान लाल झाले आहेत, तेही घाला म्हटलं, तर ते घालत नाहीत.

आता मुद्द्याचं. तीन दिवस तोंडात धरून बसले आहे, पण कुणाला तरी सांगायलाच हवं.

माझ्या माळ्यावर लोकरीची दोन पोती असतात, मीच विणलेली. तपकिरी पट्ट्याच्या पोत्यात बेणं, काळ्या पट्ट्याच्या पोत्यात चुन्योचे बटाटे. चाळीस वर्षं यात बदल नाही. सणाच्या आदल्या संध्याकाळी मी पोतं खाली ओढलं, माळावर नेलं, गवतावर रिकामं केलं आणि घरी येऊन सूप पिऊन झोपले. सकाळी तुडवायला उतरले तर टाचेखाली गाठी लागल्या. चुन्योच्या बटाट्याला गाठी कुठून येणार? जे डोळ्यांना कळलं नव्हतं ते टाचेला कळलं. मी तपकिरी पोतं ओतलं होतं. माझा सगळा ‘सुनेला रडवणारा’ त्यात होता. एका थंडीत गोठून मेला. गोठलेलं बेणं रुजत नाही, हे तुझ्या तळ्याकाठच्या बदकांनाही कळत असेल.

या बटाट्याची तुला ओळख करून द्यायला नको. म्हाताऱ्या मुठीसारखा गाठीगाठींचा, म्हणून तर नवरी घरात आली की पहिला तोच तिच्या हातात देतात. एकही गाठ न कापता पातळ साल काढली की सून पसंत. तुझ्या लग्नात तू सगळ्या गाठी सपासप छाटल्यास आणि माझ्या तळहातावर गोटीएवढा बटाटा आणून ठेवलास. सालीवर डुक्कर जेवलं असतं. मी हसले, मग गाव हसलं, आणि तुझं नाव गोटी पडलं. वर्षभराने तू माझ्या मुलाला, अन्सेल्मोला घेऊन माहेरी निघालीस तेव्हा मी तुझ्या हातात त्याच बटाट्यांची टोपली दिली आणि म्हटलं, सराव कर, जमलं की परत ये. नऊ वर्षं झाली. तू आली नाहीस, आणि माझी नात रोसाउरा कशी दिसते ते मला अजून ठाऊक नाही.

गावात हा बटाटा फक्त माझ्याच घरी उरला होता. बाकीच्यांनी सोडून दिला, सोलायला वेळ जातो आणि बाजारात कुणी हात लावत नाही म्हणून. मला माझ्या सासूने दिला, तिला तिच्या सासूने. ऑक्टोबरात पेरणी आहे आणि मातीत ठेवायला माझ्याकडे एक नाही. यंदा पेरला नाही तर संपला तो.

म्हणून विचारते. त्या टोपलीतला एखादा तुझ्याकडे कुठे मागे कोपऱ्यात चुकून रुजला असेल का? नसेल तर नसेल. माझे डोळे उत्तम आहेत, संध्याकाळच जरा अंधारी होती. आणि हे गावात कुणाला माहीत नाही, मास्तरांना शपथ घातली आहे.

अन्सेल्मोला माझी आठवण दे. रोसाउराच्या दोन्ही गालांवर माझ्या वाटचा मुका. लोभ जेवढा शिल्लक असेल तेवढा राहू दे.

तुझी सासू,
बासिलिया


तोतोराकुचो,
१८ जुलै १९९६

ती. सासूबाईंस,
निल्दाचा शि. सा. न. वि. वि.

आपलं २७ जूनचं पत्र परवा पोचलं. आम्ही सर्व खुशाल आहोत. तळ्यावर वारा फार आहे. होड्या दोन दिवस काठालाच बांधलेल्या आहेत, त्यामुळे अन्सेल्मो घरात बसून टोप्या विणतात. इथले पुरुष विणतात, तुमच्याकडे हसतील, पण तुमच्या मुलाचे टाके माझ्यापेक्षा सरळ येतात. रोसाउरा दुसरीत गेली. तिचे पुढचे दोन दात पडले आहेत आणि ती शिट्टी वाजवल्यासारखी बोलते.

बेण्याचं वाचून वाईट वाटलं. आपण विचारलंत म्हणून सांगते. ती टोपली मी इथे पोचल्या दिवशीच माझ्या आईच्या हवाली केली. आईने ती डुकरांना घातली. त्यांनी सालीसकट खाल्ली, त्यांची कुणी परीक्षा घेतली नाही.

माझ्याकडून आणखी काही होण्यासारखं असेल तर कळवावं. सोबत वाळवलेले छोटे मासे पाठवत आहे, सुपात चांगले लागतात. थंडीत पायांना जपावं. आपला आशीर्वाद मिळत राहो.

आपली,
निल्दा


चिरिपाता,
४ ऑगस्ट १९९६

चि. सौ. निल्दा हिस,
अ. उ. आ.

मासे मिळाले. मास्तरांनी पिशवी बरीच हलकी करून आणली, तरी उरलेले छान लागले.

डुकरांचं वाचून (म्हणजे ऐकून) आधी मी मास्तरांना म्हटलं, पुन्हा वाचा. मग म्हटलं, नको. मी तुझ्या जागी असते तर डुकरांनासुद्धा दिली नसती, वाटेतच ट्रकमधून फेकली असती. तेव्हा तो विषय संपला. तू मनाला लावून घेऊ नकोस.

खरं म्हणजे हे पत्र दुसऱ्याच गोष्टीसाठी आहे. तीन दिवसांपूर्वी पहिली ऑगस्ट झाली. त्या दिवशी धरतीमाय तोंड उघडते हे तुला माहीतच आहे. दरवर्षीप्रमाणे प्रत्येक घरची बाई आपलं बेणं पदरात घेऊन वरच्या शेतावर आली. मायला कोकाची पानं दिली, मक्याची आंबवलेली चिचा पाजली, मग एकेकीने आपलं बेणं तिला दाखवलं. माझी पाळी आली. माझ्या पदरात दुकानातून आणलेला गुळगुळीत पांढरा बटाटा होता, एकही गाठ नसलेला. लेओकादियाने मान लांब केली आणि सगळ्यांसमोर विचारलं की बासिलिया, तुझं ते खडबडीत कुठे गेलं.

उंदराने खाल्लं असं सांगणार होते. वाक्य जिभेवर तयार होतं. पण खाली माय तोंड उघडून बसलेली, तिच्या पोटातलं मी गोठवलं आणि वर तिच्या देखत उंदराचं नाव सांगू? सगळं सांगून टाकलं. दोन पोती, दोन पट्टे, टाचेखालच्या गाठी. डोळ्यांचंही सांगितलं. गेली दोन वर्षं मला तपकिरी आणि काळा वेगळा दिसत नाही. माणसं दारात उभी राहिली की मी आवाजावरून ओळखते. तुलाही मागच्या पत्रात खोटंच कळवलं होतं, संध्याकाळ चांगली उजेडाची होती.

गाव हसलं. हसणारच, माझंच बटाट्याच्या जिवावर हसायचं दुकान होतं. लेओकादिया सगळ्यांत मोठ्याने हसली. हसू संपेपर्यंत मी थांबले, मग आणखी एक गोष्ट सांगितली. म्हटलं, तळ्यावरून आलेल्या पोरीच्या हातात आपण असली वस्तू दिली जी तिने जन्मात पाहिली नव्हती, आणि ती चुकली म्हणून तिचं नावच बदलून टाकलं. मी जन्मभर हा बटाटा हाताळला आणि मीच तो मारला. आजपासून चिरिपात्यात कुणी माझ्या सुनेला गोटी म्हटलं तर त्याने माझ्या चुलीपाशी बसायचं नाही. माझ्या सुपासाठी किती जण चुलीपाशी बसतात ते तुला माहीत आहे, तेव्हा ही धमकी लहान नाही.

एवढंच कळवायचं होतं. बेणं गेलं, त्याचं मी रडून घेतलं. तू मात्र त्यावरून माझ्यावर रागावून राहू नकोस, रागावायचंच तर लग्नातल्या हसण्यावरून रागाव, ते योग्य होईल.

रोसाउराचे दात उगवले का? पडलेले चुलीत टाकू नका म्हणावं. लोभाचं मी बोलत नाही, तो आता तुझ्या हातात.

तुझी सासू,
बासिलिया


तोतोराकुचो,
३० ऑगस्ट १९९६

ती. सासूबाईंस,
निल्दाचा शि. सा. न. वि. वि.

आपलं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मोठ्याने, यांच्यासाठी. हे मधेच उठून होडी बघायला बाहेर गेले. होडी जागच्या जागी होती.

सासूबाई, डुकरांनी काहीही खाल्लेलं नाही.

कसं लिहू ते कळत नाही, म्हणून जसं झालं तसं लिहिते. तुमची टोपली घेऊन मी इथे आले तेव्हा सबंध रेल्वेप्रवासात ती मांडीवर होती आणि मला ती खिडकीतून टाकायची होती. टाकली नाही. घरामागे दगडी बांधाच्या पायऱ्या आहेत, सगळ्यांत वरच्या पायरीवर तीन सऱ्या काढल्या आणि लावले. पहिल्या वर्षी लहान आले, तळ्याची हवा त्यांना परकी होती. तिसऱ्या वर्षापासून मुठीएवढे यायला लागले. दर रविवारी मी त्यांतला एक सोलायला घेते. पहिल्या वर्षाच्या सालीवर खरंच एखादं डुक्कर जेवलं असतं. आता रोसाउरा शेजारी बसून गाठी मोजते, सोलायच्या आधी आणि सोलल्यावर. यांना सगळं माहीत होतं, आईला कळवायचं नाही अशी ताकीद होती. तुमच्या मुलाने नऊ वर्षं तोंड बंद ठेवलं, तेवढं श्रेय त्यांना द्या.

माझ्या मनात होतं, एक दिवस अचानक चिरिपात्याला यायचं, त्याच अंगणात, त्याच माणसांसमोर बसायचं आणि सोलून तुमच्या हातावर ठेवायचं. दरवर्षी वाटायचं, अजून नाही, अजून एक गाठ जाते आहे. मग तुमचं जूनचं पत्र आलं. खरं सांगते, वाचून पहिल्यांदा मला आनंद झाला. वाटलं, बरी जिरली. त्याच आनंदात डुकरांचं लिहिलं. पत्र ट्रकमध्ये गेलं त्या रविवारी मी बटाटा सोलायला घेतला आणि सुरी चालेना. हातातला एक सोलायचा म्हणजे जगातल्या उरलेल्यांतला एक कमी करायचा, हे तोवर डोक्यात आलं नव्हतं. त्यानंतर मी एकही सोललेला नाही. पण खोटं लिहून बसले होते, आता परत कसं फिरायचं ते कळेना. तुम्ही अख्ख्या गावासमोर फिरलात, मला तर फक्त एका कागदावर फिरायचं आहे.

पेरणीआधी आम्ही तिघं येतो. अर्धं पोतं बेणं आहे, सगळं निरोगी, डोळे फुटायला लागलेले. रेल्वेने कुस्कोपर्यंत, पुढे ट्रक. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पोचू.

एक मागणं आहे. त्यांतला एक मी तुमच्यासमोर सोलणार. तुम्ही हातात घेऊन काय ते सांगायचं. मुलीच्या दातांपासून पेरणीपर्यंत कशाची मला धास्ती नाही, याची आहे.

आम्हा तिघांचा नमस्कार. मागच्या पत्रात लिहिलेल्या खोट्याचा राग धरू नये, धरलाच तर आम्ही येईपर्यंतच धरावा.

आपली,
निल्दा


चिरिपाता,
२१ ऑक्टोबर १९९६

चि. सौ. निल्दा हिस,
अ. उ. आ.

तुम्ही सुखरूप पोचलात असं ट्रकवाल्याने येऊन सांगितलं आणि जीव भांड्यात पडला. तुम्ही गेल्यापासून घर फार मोठं झालं आहे. रोसाउराची शिट्टी ऐकायची सवय सहा दिवसांत लागते आणि जात मात्र नाही.

तुम्ही निघालात त्याच्या दुसऱ्या दिवशी गारा पडल्या, लिंबाएवढ्या. लेओकादियाचं कौल फुटलं, दुरुस्तीला मास्तर गेले. आठवडा झाला, एक कौल अजून दुरुस्त होतंय. आपल्या शेताला काही झालं नाही, बेणं जमिनीच्या पोटात आहे, गारांना ते कुठे सापडणार. अन्सेल्मोला सांग, पायनांगराच्या तिसऱ्या सरीला त्याला लागलेली धाप मी कुणाला सांगितलेली नाही, सगळ्यांनी स्वतःच पाहिली. टोप्या विणून पोरगा मऊ झाला आहे. पण त्याने ढेकूळ उलटवायचं आणि मागून तू आणि पोरीने वाकून एकेक बेणं मायच्या हातात दिल्यासारखं ठेवायचं, तो आवाज मी बांधावर बसून ऐकला. मला बसायला लावलंस म्हणून तेव्हा चिडले होते. आता सांगते, बसून बरं वाटलं.

आता त्या बटाट्याचं.

त्या दिवशी अंगणात तू सोलून माझ्या हातात दिलास, एका हातात बटाटा, दुसऱ्या हातात साल. गाव भोवती बसलेलं. मी बराच वेळ तसंच धरून बसले, मग काही न बोलता उठले आणि सूप हलवायला आत गेले. तुझं तोंड उतरलं होतं असं मास्तर सांगतात. नंतर पेरणीची घाई, पाहुणे, निघायची गडबड, आणि तू मानी, विचारलं नाहीस. मी त्याहून मानी, बोलले नाही. ट्रक वळणाआड गेला तेव्हा मास्तरांनी मला चांगलं फैलावर घेतलं. चाळीस वर्षं पोरांना दटावलेला माणूस, त्याला ते जमतं.

ऐक. मला तुझं तोंड दिसलं नाही, साल तर नाहीच दिसली. पण बोटं अजून माझीच आहेत. मी गाठी मोजत होते. चौदा. सोलायच्या आधी मोजल्या तेव्हा रोसाउराही माझ्या कानात चौदाच म्हणाली होती. एकही गेली नव्हती. साल एकसलग, कोकराच्या कानाच्या आतल्या कातडीसारखी पातळ, कुठे जाड नाही, कुठे तुटलेली नाही. असली साल मी चिरिपात्यात कधी हातात धरलेली नाही. आणि आता जे सांगते ते मास्तरांनीही आजच ऐकलं, त्यांची लेखणी थांबली आहे. माझ्या लग्नात माझ्या सासूने माझ्या सालीतून दोन गाठी वेचून काढल्या, मला दाखवल्या आणि पदरात लपवल्या, कुणाला सांगितलं नाही. म्हणून मी पास झाले. तुझ्या वेळी माझ्याकडेही पदर होता. मी हसले.

हे सगळं चौदाव्या गाठीपाशी घशात आलं. तोंड उघडलं असतं तर अख्ख्या गावासमोर भोकाड पसरलं असतं, म्हणून सुपाकडे पळाले. सूप खारट झालं होतं, तू दुसऱ्यांदा मागून घेतलंस, ते लक्षात आहे माझ्या. त्या बटाट्याला रडवायचं तेवढं कळतं, समोर सून आहे की सासू ते कळत नाही.

तेव्हा निकाल हा: पसंत. दहा वर्षं उशिरा आला, वापरून घे.

वरच्या पायरीवरच्या तीन सऱ्या मोडू नकोस. दरवर्षी तिथेही लाव. एका घरात ठेवून काय होतं ते मी करून दाखवलं आहे. आणि पोरीला सांग, तिने तपकिरी पोत्याच्या तोंडाला लोकरीचे गोंडे बांधले ते माझ्या हाताला लगेच सापडतात. काळ्या पोत्याला काही नाही. इतकी साधी युक्ती चाळीस वर्षांत मला सुचली नाही, तिला दात नसताना सुचली.

डोळ्यांचं तू म्हणालीस ते कबूल. मे महिन्यात काढणी झाली की येते, तुमच्या तळ्याकडच्या पुनोच्या डॉक्टरांना दाखवू. कापाकापी करायची तर करू देत, पण साल पातळ काढा म्हणावं.

माझा लोभ आता चुन्योसारखा समज. गोठला, तुडवला, वाळवला, आता कितीही वर्षं टिकेल. भिजत घालायचं तेवढं तुझ्याकडे.

तुझी सासू,
बासिलिया

ता. क. तुझी ती साल मी टाकलेली नाही. चुलीवरच्या दोरीवर वाळत घातली आहे, कुणाला हात लावू देत नाही. मे महिन्यात येताना सोबत आणेन. डोळे बरे झाले की पहिली तीच बघणार आहे, डॉक्टर नंतर.